गुळवणी साहेबांचं सोनं

गुळवणी साहेबांच्या कंपनीत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं जुनाट व्हर्जनच चालायचं. बिलांवर ग्राहकांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन उमटायची आणि फोनवर शिव्या खायच्या त्या प्रोग्रामर शलाकाने! नव्या व्हर्जनचं नाव काढलं की साहेबांचं ठरलेलं, "जुनं ते सोनं! तुम्हा पोरांना नुसतं नव्याचं खूळ."

आज मात्र तिचं डोकं सटकलं. भर मीटिंगमध्ये तिने विचारलं, "सर, तुमची मुलगी क्लासला कुठलं पायथॉन शिकते हो?"

"अर्थात नवं! जुनं शिकून तिला नोकरी कोण देणार?"

"सगळ्यांचीच मुलं नवं शिकताहेत, सर. मग उद्या मी नोकरी सोडली, तर तुमचं हे सोनं सांभाळायला कुणाची मुलगी आणणार?"