महाराजांनी ठेवून घेतलेली भीती

माणदेशात तरटगावच्या ओढ्यापलीकडे खुशाबा महाराज राहत. मठ म्हणायचा तर एक सारवलेली पडवी, एक लिंब आणि महाराजांचं घोंगडं, एवढाच. महाराज अंगारा देत नसत, ताईत बांधत नसत. तापलेलं पोर घेऊन कोणी आलं तर आधी विचारत, "डॉक्टरला दावलं का?" त्यामुळे चमत्काराच्या ओढीने आलेली माणसं हिरमुसून परत जात. ज्यांना महाराज कळले होते ती मात्र रोज येत. त्यांतली एक ठकूबाई. आधी मठाच्या अंगणात सडा घालायचा आणि मग स्वतःची चूल पेटवायची, हा तिचा नेम लग्न होऊन आल्यापासूनचा.

एका उन्हाळ्यात ठकूबाईचं पोट फुगू लागलं. वात समजून तिने ओवा खाल्ला. पुढे लुगड्याच्या निऱ्या पुरेनात, दोन घास खाल्ले की पोट गच्च होई. नवरा लिंबाजी तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटातलं पाणी काढून तपासायला धाडलं, आणि पुढच्या खेपेला दोघांना समोर बसवून सांगितलं, "अंडाशयात गाठ आहे. कॅन्सरची आहे. ऑपरेशन करून काढावी लागेल, आणि लवकर. उशीर केलात तर आमच्या हातात काही राहणार नाही."

घरी आल्या आल्या ठकूबाईने सांगून टाकलं, "म्या न्हाई जायची."

मरणाचं भय होतंच, ते कुणाला नसतं? पण तिचा जीव अडकला होता आणखी एका जागी. ऑपरेशनाआधी नाकातोंडावर जाळी ठेवून भूल देतात, हे तिला नर्सने समजावलं होतं. ते ऐकल्यापासून तिचा श्वास निम्म्यातच थांबे. लहानपणी माहेरी तिला ज्वारीच्या पेवात उतरवलं होतं. जमिनीखालचं ते कोठार कितीतरी महिने बंद होतं, आतली हवा नासलेली. कमरेला दोर बांधलेली ती पोर तळाशी पोचली आणि गुदमरून पडली. वेळेवर वर ओढली म्हणून वाचली. ही गोष्ट तिने सासरी कुणालाही सांगितली नव्हती, लिंबाजीलाही नाही.

तिचे थोरले दीर रावजी हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. छाती ताठ, मिशीला पीळ. चावडीवर चार माणसांत ते हसले. "लढाईत माझ्या कानाजवळनं गोळ्या गेल्या, पापणी लवली न्हाई. आन् आमच्या घरची बाई भुलीचं औषध हुंगायला भितीया! मठात सडा घालून हेच शिकली व्हय?"

ठकूबाईच्या कानावर ते आलं. तिला लाज वाटली, पण लाजेने भीती काही कमी झाली नाही. आता ती लपवावीही लागली, एवढंच.

शेवटी लिंबाजी तिला मठात घेऊन गेला. गंमत बघायला हवालदारही मागोमाग आले. ठकूबाईने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, तुमीच ही गाठ इरघळवा. मला तिकडं धाडू नका."

महाराज म्हणाले, "गाठ डॉक्टरीणबाई काढंल. तिला ते येतं, मला येत न्हाई."

"लई भ्या वाटतं, महाराज."

"वाटणारच. कुठं वाटतं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने गळ्याखाली हात ठेवला. "हितं. दगड बसल्यावानी."

"मग ते भ्या माझ्यापाशी ठिवून जा. गाठ तेवढी दवाखान्यात ने." महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता भ्यासुदीक ठिवून घ्यायला लागले व्हय महाराज!" हवालदार मोठ्याने म्हणाले. महाराज नुसते हसले.

दवाखान्यात ठकूबाईला मोठ्या दिव्याखाली निजवलं. नाकावर जाळी आली, उग्र गोडसर वास आला. ती वाट बघत राहिली, आता दगड बसेल, आता श्वास अडेल. काहीच झालं नाही. श्वास आला, गेला. पेव आठवलं, पण दुसऱ्याच कुणाच्या पोरीची गोष्ट ऐकावी तसं. उशाशी उभ्या असलेल्या नर्सला तिने विचारलं, "बाई, तुमी च्या घेतला का?" उत्तर ऐकायच्या आत तिला झोप लागली.

गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. "दिसलं तेवढं काढलंय. कुठे बारीकसं राहिलं असेल, म्हणून औषधाला पुन्हापुन्हा यावं लागेल." लिंबाजीला रडू आलं. त्याचे डोळे ठकूबाईनेच पुसले.

टाके काढून गावी परतताना तिने गाडी आधी मठाकडे घ्यायला लावली. पाहते तर काय! लिंबाखाली महाराज घोंगडं पांघरून बसले होते आणि भर उन्हात थरथर कापत होते. ओठ कोरडे पडलेले, गाल बसलेले. आणि शेजारी, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, रावजी हवालदार! मिशीचा पीळ पार उतरलेला.

"भावजी, काय झालं वो?"

"तू गेलीस तवापासनं महाराज असं कापत्यात. मी हसाया आलो हुतो, ठकू. म्हनलं, बघा, तुमचा महाराजच भित्रा! तर महाराज म्हनले, रावजी, हात धर की जरा. मी थट्टेनं धरला." हवालदारांनी धरलेला हात आणखी घट्ट केला. "आन् मला नासक्या जवारीचा वास आला. सगळा अंधार. कमरंला दोर. वर, लई वर, ताटलीएवढा उजेड. मला वरडता येईना. येवढा गडी मी, हितंच आडवा झालो. ते काय हुतं, ठकू?"

ठकूबाई त्यांच्यासमोर येऊन बसली. "पेव, भावजी. माझ्या म्हायेरचं. ल्हान हुते मी."

"येवढं घिऊन तू येवढी वर्सं निमूट राबलीस? आन् मी चावडीवर हसलो!"

काय म्हणावं महाराजांच्या करुणेला! तिची भीती तर घेतलीच, वर चारचौघांत भित्रा म्हणवून घेतलं आणि एका शब्दाने खुलासा केला नाही.

ठकूबाईला ते कापणारे हात बघवेनात. "महाराज, माझं मला परत द्या आता."

"पेलंल?"

तिने विचार केला. "सगळं न्हाई. निम्मं द्या."

"ऱ्हायलेलं माझ्याकडं द्या," हवालदार म्हणाले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. खांदे हलत होते. बराच वेळ ते उठले नाहीत. उठले तेव्हा महाराजांचं कापणं थांबलं होतं. ठकूबाईच्या गळ्याखाली पुन्हा दगड येऊन बसला होता, पण आता त्याच्या बाजूने श्वास जात होता.

औषधाच्या पहिल्या खेपेला लिंबाजीबरोबर हवालदारही गेले. दवाखान्यातल्या बाकावर ताठ बसले, पण घामाने सदरा भिजला. आतून ठकूबाईच्या नावाचा पुकारा झाला, तसे ते भरल्या गर्दीत म्हणाले, "ठकू, मला भ्या वाटतंय."

"मला बी," ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर सावरून तिने थोरल्या दिराचा हात धरला आणि ती उठली.