करंगळीवरचा तीळ

हवालदार मुसळे उद्या निवृत्त होणार होते आणि पेन्शनच्या कागदांवर अजून निरीक्षक पांगारकरांची सही नव्हती. सकाळपासून ते टोपी या हातातून त्या हातात करत केबिनबाहेर येरझारा घालत होते.

दुपारी एकदाचं बोलावणं आलं. पांगारकरांनी सेवापुस्तक उघडलं. "ओळखीची खूण, उजव्या करंगळीवर तीळ. दाखवा."

"साहेब, ती करंगळी दंगलीत तलवारीनं तुटली. तीळही तिच्याबरोबरच गेला."

"मग मुसळे ते तुम्हीच, हे मी कशावरून मानू? खूण नाही, तर सही नाही."

टोपीची चाळवाचाळव थांबली. मुसळ्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला.

"मग आधी माझ्यावर गुन्हा नोंदवा, साहेब. एक तोतया बत्तीस वर्षं पोलिसांत राहिला. दोन वर्षं तर तुमच्याच बंगल्यावर भरली बंदूक घेऊन पहाऱ्याला होता. फिर्यादी तुम्हीच व्हा. फक्त त्याच्या हातात बंदूक कोणी दिली, हे कोर्टात सांगायची तयारी ठेवा."

पांगारकरांनी सही केली. मग तिळाची ओळ खोडून नवी खूण लिहिली : उजवी करंगळी नाही.

"हे आधीच कुणाला सुचलं कसं नाही?" ते पुटपुटले.

"सुचलं होतं की, साहेब. माझा तसा अर्ज चौदा वर्षं तुमच्या मागच्या कपाटात पडून आहे."