नवलाख्या राजा आणि हात न सोडणाऱ्या सहा बहिणी

एक होता राजा. नाव नवलाख्या. म्हणजे पुढे एक नऊ आणि मागे पाच शून्यं. आकड्यांचंच राज्य होतं ते. सगळ्यांत मोठा आकडा गादीवर बसायचा, म्हणून हा बसला होता. बाकी कर्तृत्व काही नाही मेल्याचं.

त्या राज्यात सहा बहिणी होत्या. एकी, चारी, दुनी, आठी, पाची आणि साती. भोंडल्याला फेर धरतात ना, तशा कायम हात धरून असायच्या. ओळीत उभ्या राहिल्या की आकडा व्हायचा एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

राजानं नाक मुरडलं. "हा कसला वेडावाकडा आकडा? ना चढता, ना उतरता! तोडा यांना. सहा जणींना सहा गावांना पाठवा."

त्यांची आई गोदाई हात जोडून म्हणाली, "महाराज, माझ्या लेकींनी कुणाचं काय बिघडवलंय?"

काही नव्हतं बिघडवलं! पण गादीवर बसलं की काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. अस्सा संताप येतो मला!

बहिणी काही हात सोडेनात. राजवाड्याला होता गुणाकाराचा उंबरा. तो ओलांडला की आकडा दुप्पट, तिप्पट, राजा म्हणेल तेवढा व्हायचा. पंधरा गेला तर पलीकडे तीस. मग त्यातला एक कुठला आणि पाच कुठला, पत्ताच नाही! या सहा जणींचीही तशीच फाटाफूट होईल, असं राजाला वाटलं. राजा म्हणाला, "ओलांडा. दुप्पट!"

मग काय झालं? पलीकडे दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. दुनी पुढे, मग आठी, पाची, साती, एकी, चारी. त्याच सहा जणी, तोच फेर! फक्त पुढची बदलली, बरं का.

त्यांना उलट्या पावली परत आणलं, तशा त्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. "तिप्पट!" चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर. आता चारी पुढे, आणि हात तसेच हातात.

दरबार हसला. आता तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! राजा ओरडला, "सातपट!"

आणि सहाही जणी नाहीशा झाल्या गं. पलीकडे उभे नुसते सहा नऊ. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.

प्रधान म्हणाला, "महाराज, उठा. हे तुमच्याहून मोठे. गादी त्यांची." घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

पण गोदाई धाय मोकलून रडायला लागली. सहाही चेहरे एकसारखे. "यातली माझी साती कुठली? माझी दुनी कुठली?"

मग त्या सहा नवांनी गादीकडे बघितलंसुद्धा नाही. हात धरले आणि उलट्या पावली उंबरा ओलांडून अलीकडे आले. तर एकी, चारी, दुनी, आठी, पाची, साती! आईनं एकेकीला नावानं हाक मारून जवळ घेतलं.

नवलाख्या निर्लज्जासारखा पुन्हा गादीवर बसायला गेला. लोक ओरडले, "खबरदार! लेकी तोडणारा राजा नको आम्हाला."

मग गादी तशीच रिकामी राहिली. कुणाचंही काही अडलं नाही. सहा बहिणी आईपाशी सुखात राहिल्या, तसे तुम्हीही राहा. चला, पांघरूण घ्या आणि डोळे मिटा बघू.