हिरव्या पतंगाची कोरी ओळ

"मग आता लिहू काय मी? माझं कपाळ?" द्वारका कडाडली.

बाजूच्या दगडावर देवराई राखणारे भिवाबाबा बसले होते.

त्या इवल्याशा हिरव्या पतंगामागे तिची चार वर्षं गेली होती. तगरीच्या पानामागची अंडी, पानाची सुरळी करून आत दडणारी अळी, त्याच सुरळीत विणलेला कोश… सगळं वहीत होतं. एकच ओळ कोरी. कोशातून पतंग निघताना तिनं कधी पाहिला नव्हता.

देवराईतलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही, ही गावाची रीत. म्हणून नऊ दिवस ती तांबडं फुटायच्या आत येऊन तगरीला खेटून, खांद्याजवळच्या सुरळीवर डोळे लावून बसत होती. आज सुरळी हलली. वेळ टिपायला तिनं मान खाली घातली, वर केली, तर कोश रिकामा.

"दोन ओळी लिहिल्या फक्त, बाबा! तेवढ्यात…"

"वहीत बघितलंस. वही दिसली."

"टोमणे नकोत. सातवी शिकलेली बाई मी, पण या रानातली अळी न् अळी ओळखते. तुम्ही पाहिलंत ना त्याला?"

"पाहिलं."

"गेला कुठं?"

"जातोय कुठं? पंख ओले आहेत अजून."

ती उठायला गेली. बाबांनी हात वर केला.

"हलू नकोस. तुझ्या पाठीवर बसलाय."

द्वारका थिजली. ओला पतंग खाली पडला की पंख चुरगळलेलेच वाळतात. असे दोन तिला मागं मुंग्यांच्या तोंडी सापडले होते.

"…एकदाच वळून बघू?"

"बघ की. पाठ तुझी, मान तुझी. मला कशाला विचारतेस?"

ती वळली नाही.

ऊन पानांतून उतरत तिच्या गुडघ्यावर आलं. कंबर ठणकू लागली. पेन घरंगळत गेलं, तिनं उचललं नाही. डोळे भरून आले, तेही पुसले नाहीत.

"बाबा…"

"हं."

"कसा दिसतोय हो?"

बाबांनी पुढं वाकून तिच्या पाठीकडे निरखून पाहिलं.

"झाड सापडल्यासारखा."