पाटीच्या पाठीवरची सही

‘ही जागा झोपेचे सोंग घेणाऱ्या प्रवाशांसाठी राखीव.’

भुयारी मेट्रोच्या स्थानकात ही पाटी वाचून गुळवे साहेबांचा पारा चढला. खाली मेट्रोचं बोधचिन्ह, तोच निळा रंग, तीच अक्षरं! पुढे लिफ्टपाशी दुसरी: ‘लिफ्टमध्ये सर्वांनी गप्प राहून एकमेकांच्या चपला पाहाव्यात.’ कुणा वात्रटाने खऱ्या पाट्यांच्या गर्दीत खोट्या चिकटवून ठेवल्या होत्या.

गुळवे साहेब म्हणजे मेट्रोचे सर्वेसर्वा. त्यांनी सफाईवाल्या मंदाताई ढोबळेंना बोलावलं.

“बाई, उद्या दुपारी मंत्री येतायत. त्याआधी खोटी पाटी एकही राहता कामा नये. आणि खरी एकही निघता कामा नये!”

“पण साहेब, ओळखायच्या कशा?”

“सोपं आहे. खऱ्या पाटीच्या पाठीवर माझी सही असते.”

“पाठ बघायला पाटी उखडावी लागेल. आणि उखडली की ती फाटते!”

“ते तुमचं तुम्ही बघा. जो खरी पाटी उखडेल, त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. मग तो कुणी का असेना! आणि एखादी खोटी राहिली, तर तुम्ही घरी!”

 तीन वर्षं मंदाताई कंत्राटावर राबत होत्या. त्यांना कायम करायची फाईल साहेबांच्याच टेबलावर वर्षभर लोळत पडली होती.

पण बाई खमकी! त्या दिवशी त्यांनी एकाही पाटीला फडकं लावलं नाही. नुसती फरशी पुसली.

“ताई, नोकरीवर पाणी सोडलंत की काय?” मुकादम ओरडला.

“काम चालू आहे,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पातं घेऊन निघाल्या आणि तासाभरात तेवीस पाट्या खरवडून साहेबांपुढे टाकल्या. साहेबांनी एकेक उलटून पाहिली. एकीवरही सही नव्हती!

आता खूश व्हायचं, तर साहेबांना दुसऱ्याचं यश पचत नसे. ते चूक शोधायला स्वतः निघाले, आणि तिकीट खिडकीपाशी आनंदाने ओरडले, “ही बघा, राहिली!”

त्यांनी मोठ्याने वाचलं: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, हरवणाऱ्या प्रवाशांनी हरवण्यापूर्वी स्थानकप्रमुखांस लेखी कळवावे.’

“असला मूर्खपणा मेट्रो लिहील का? चला बाई, घरी!”

“साहेब, ती खरी आहे. हात लावू नका.”

“मला शिकवता?” म्हणत साहेबांनी टर्रकन पाटी ओढली.

पाठीवर शिक्का होता. शिक्क्यावर साहेबांची झोकदार सही होती!

खिडकीतल्या तिकीटवाल्याने हसू लपवायला तोंड खणात घातलं. साहेबांनी सही पुन्हा निरखली. “तुम्ही... कसं ओळखलंत?”

“काल पाट्या पुसल्याच नाहीत, साहेब. बोगद्यातली काळी धूळ सगळ्यांवर सारखी बसते. पण खोट्या पाट्या लोक बोट लावून एकमेकांना वाचून दाखवतात. रोज ते बोटांचे डाग मलाच पुसावे लागतात! खऱ्या पाट्यांवर नुसती धूळ. त्यांच्या जवळ जातंय कोण?”

“पण ही तर वाचण्यासारखी होती!”

“ ‘सर्व संबंधितांस’ म्हटलं, की माणूस आपला संबंध नाही असं समजून पुढे जातो.”

 मग मंदाताईंनी पदर सावरून अगदी नम्रपणे विचारलं, “खरी पाटी उखडणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जाणार होती ना? मग साहेब, मंत्र्यांच्या स्वागताला तुमच्या जागी कुणाला उभं करायचं?”

साहेबांनी डोळे वटारले. हातातली पाटी पुन्हा वाचली. आणि त्यांना असं काही हसू फुटलं, की भिंतीला टेकावं लागलं!

मंत्री यायच्या आत फाईलवर सही झाली. वर हुकूमही निघाला: मंदाताईंनी वाचून पसंत केल्याशिवाय एकही नवी पाटी लागणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे अकरा पाट्या आल्या. ताईंनी नऊ परत पाठवल्या!