फितुराचे नाव

त्या रानात उन्हाळा लांबला, झरे आटले आणि पाणी फक्त एका डोहात उरले. दिवस कलला की सगळ्यांना तिथेच यावे लागे, आणि हे वाघालाही माहीत होते. तो रोज वेगळ्या वाटेवर दबा धरी, आणि नेमकी तीच वाट कोणीतरी धरलेली असे. त्यामुळे रानात कुजबूज पसरली की आपल्यातलाच कोणीतरी वाघाला फितूर आहे.

तेव्हापासून कोणी कोणाशी धड बोलेना. रानडुक्कर हरणांकडे तिरक्या नजरेने पाही. वानर झाडावरून सगळ्यांवर लक्ष ठेवत आणि जे दिसले ते आपसातच ठेवत. पाण्याला तोंड लावायचे, दोन घोट घ्यायचे आणि पळायचे, अशी रीत पडली. पळताना जो मागे राही तो वाघाचा.

नेहमी मागे राहणारी एक म्हातारी सायाळ होती. अंगावरच्या काट्यांमुळे वाघ अजून तिच्या वाटेला गेला नव्हता. पण काटे आता सैल झाले होते, चालताना गळत होते, आणि वाटेवर पडलेले ते काटे वाघही पाहत असणार, असे तिच्या मनात येई. तिला पळता येत नव्हते. बाकीचे जरा थांबले तर आपण एकटी उरणार नाही, एवढाच तिचा विचार. त्यांना थांबवण्यासाठी तिने गोष्ट सांगायचे ठरवले.

पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, "एका कळपात एक फितूर होता. तो पकडला गेला आणि कळपाने त्याला हाकलून दिले." रानडुकराने "बरे झाले" म्हटले आणि सगळे निघून गेले. दुसऱ्या संध्याकाळी तिने डरकाळ्या, रक्त, फाटलेली पोटे असे सगळे एका दमात सांगायला घेतले. तिने काढलेल्या डरकाळीनेच कळप उधळला, आणि त्या गडबडीत वाघाने एक पाडस उचलले.

पुढच्या संध्याकाळी त्या पाडसाची आई सायाळीसमोर येऊन उभी राहिली.

"तू मुद्दाम ओरडलीस?"

"नाही गं."

"मग आम्ही कुठल्या बाजूने पळणार, हे त्याला कोणी सांगितले?"

सायाळीला ते ठाऊक नव्हते. तसे ती सांगणारही होती. पण डोहाभोवतीचे सगळे कान आपल्याकडे वळलेले तिने पाहिले आणि तोंडात आलेला शब्द गिळला.

"त्या कळपात," ती हळूच म्हणाली, "एक जण असा होता, की ओढा ओलांडला तरी त्याचे खूर कोरडेच राहायचे."

आणि तिथेच तिने गोष्ट थांबवली. हरणीने खाली पाहिले, स्वतःच्या खुरांकडे. मग शेजारणीच्या. त्या संध्याकाळी कोणी पळाले नाही. सगळे एकमेकांच्या पायांवर नजर ठेवून सावकाश, एकत्र परत गेले.

त्यानंतर ती रोज थोडेच सांगे. त्या कळपात कोणीतरी उशिरा परतले. कोणाच्या तरी अंगाला पलीकडच्या तीरावरच्या गवताचा वास येत होता. नाव ती घेत नसे. ऐकणारा प्रत्येक जण मनातून धास्तावलेला असे. वानराने एकदा वाघ पाहूनही हाक दिली नव्हती. रानडुक्कर एकदा दुसऱ्याला पुढे ढकलून निसटले होते. पाडस गेले त्या संध्याकाळी कळपात सगळ्यांत आधी पळाली होती ती हरणीच, पाडस मागे आहे हे माहीत असून. आपले नाव निघत नाही ना, हे पाहायला सगळे येत, आणि नाव निघत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. प्रत्येकाची नजर प्रत्येकाच्या पाठीमागे असल्यामुळे गवताचे पातेही कोणाच्या नकळत हलत नसे. वाघ उपाशी राहू लागला.

वाघाच्या उष्ट्यावर जगणारा कोल्हा एका दुपारी सायाळीच्या बिळाशी आला.

"आजी, फितूर कोणीच नाही. सकाळी तुम्ही जिथे चरता तिथूनच संध्याकाळी पाण्यावर येता. तो सकाळी पाहून ठेवतो. एवढेच आहे."

"मग सांग की सगळ्यांना."

कोल्ह्याने खरोखरच सांगितले, डोहाकाठी, सगळ्यांसमोर. सगळ्यांनी ऐकून घेतले. मग हरणीने विचारले, "असे असेल, तर पलीकडच्या गवताचा वास कोणाच्या अंगाला येत होता?"

कोल्हाही कडेला बसून सायाळीची गोष्ट ऐकू लागला.

त्याने हे वाघाला सांगितले तेव्हा वाघाने एकच विचारले, "नाव कोणाचे घेतले?"

"अजून घेतले नाही."

आपण आजवर कोणाकडूनही बातमी घेतलेली नाही, हे वाघाला पक्के ठाऊक होते. मग ही म्हातारी बोलते आहे ती कोणाबद्दल? तो कोल्ह्याकडे बराच वेळ पाहत राहिला. कोल्हा दोन्हीकडे जातो, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आले. शिवाय पोटात भूक होती. संध्याकाळी तो डोहाकडे निघाला.

गोष्ट अशा ठिकाणी आली होती की त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी मागे वळून पाहत नव्हते. सायाळीचे तोंड तेवढे गवताकडे होते. हरणीच्या मागे गवत दुभंगले आणि दोन डोळे दिसले. ओरडले तर काय होते, हे सायाळीने एकदा पाहिले होते. तिचे उरलेसुरले काटे आपोआप उभे राहिले. तिने आवाज आणखी खाली आणला.

"कळपामागचे गवत हलले. सगळ्यांना वाटले, वारा आहे. कोण आले आहे ते एकट्या फितुराला कळले. त्याने मान वर केली. आता तो तोंड उघडणार, तेवढ्यात कळपातल्या एकाने त्याला ओळखले, आणि त्याच्या कानाशी जाऊन त्याचे नाव…"

ती थांबली. वळून डोहाशी गेली आणि सावकाश पाणी पिऊ लागली.

कोणी हलले नाही. वाघाचा उचललेला पंजा हवेतच राहिला. काही वेळाने त्याने तो आवाज न करता खाली ठेवला, पाय दुमडले आणि तो हरणीच्या मागे बसला. त्याचा ऊन श्वास तिच्या पाठीला लागला. तिची कातडी थरथरली, पण सायाळीवरची नजर तिने काढली नाही. मागच्याला नीट दिसावे म्हणून ती फक्त थोडी बाजूला सरकली.