नऊ वर्षं न हुंगलेलं तोंड

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची म्हणाल, तर गाढवं गाढवासारखी वागायची आणि माणसंही गाढवासारखीच वागायची, तेव्हाची. म्हणजे फारसा फरक पडलेला नाही. पोराबाळांनी पुढं सरकावं, म्हाताऱ्यांनी कान द्यावा, आणि तोंडावर पंचा धरून मागं बसलेल्या बाप्यांनी तो तसाच राहू द्यावा. त्यांची पाळी येणारच आहे.

मोहाच्या झाडांनी वेढलेलं एक गाव होतं. घरटी एक गाय आणि सगळ्या गावात मिळून एक वळू. वळूचं नाव कवड्या, अंगावर कवड्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके. त्याला कुणी नांगराला जुंपत नसे, कुणी काठी उगारत नसे. गाव त्याला जावई म्हणे. खाऊन-पिऊन फिरायचं, वेळ आली की गायींकडं जायचं, एवढंच काम. आपल्याकडचे जावई तेवढंही धड करत नाहीत, पण ते राहू द्या.

या जावयाला सांभाळायचं काम म्हादबाकडं होतं. म्हादबा उंचापुरा, मिशीला पीळ, आणि बूड मात्र जागेवर टेकेल तर शपथ. बसला की उठायचा, उठला की फिरायचा, फिरून झालं की बांधलेलं दावं सोडून पुन्हा बांधायचा. लोक म्हणत, याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी नव्हती. काळजी होती.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याच्या बायकोला, कोंडाईला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. त्यानंतर तेही नाही. कोंडाई कडू काढे प्याली, अनवाणी डोंगर चढली, तिनं सोमवार धरले, शनिवार धरले. आठवड्यात जेवायला वार उरेना.

म्हादबाच्या आईनं शेवटी सांगून टाकलं, "चैतापर्यंत वाट बघते. मग दुसरी सून आणणार. ही जाईल आपल्या माहेरी."

म्हादबाला कोंडाई जीवापाड आवडायची. तिच्याशिवाय घर त्याला खायला उठलं असतं. पण आईपुढं बोलायची छाती नव्हती. मग तो काय करायचा? तर भट्टीवर जाऊन मोहाचे दोन पेले मारायचा. काळजी वाटली की दोन, काळजी वाढली की चार. त्या गावात मोहाच्या दारूला 'मरदाचं पाणी' म्हणत. बाप लेकाला पहिला पेला स्वतःच्या हातानं द्यायचा. प्याल्याशिवाय बाप्या होत नाही आणि बाप्या झाल्याशिवाय बाप होत नाही, असा त्यांचा हिशोब. म्हादबानंही मनाशी ठरवलं होतं, आपण थोडं कमी पीत असू, म्हणूनच पाळणा हलत नसेल.

दोन वर्षांमागं एके दिवशी त्याला वाटलं होतं, कवड्याही मरदच की. भट्टीतून निघालेला आंबलेल्या फुलांचा चोथा त्यानं कवड्यापुढं टाकला. कवड्यानं नाक मुरडलं, मग चाटला, मग टोपली पालथी घालून शोधू लागला. त्या दिवसापासून दोघांची बैठक जमली. संध्याकाळ झाली की एकाला पेला, एकाला टोपली. दोघं डोलत घरी यायचे, आणि कोण कुणाला धरून आणतंय ते गावाला कळायचं नाही.

पहिल्या वर्षी थोड्याच गायी गाभण राहिल्या. त्यातल्या दोन गाभटल्या, दिवस भरायच्या आधीच वासरं पडली. एक कालवड जन्मली, तिचे मागचे पाय इतके लुळे की उभी राहिना. दुसऱ्या वर्षी तर गाय वळूकडं न्यावी, आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येऊन हंबरायला लागावी. गावात दूध आटलं. ताक मागायला गेलं की शेजारीण पाणी दाखवायची.

चावडीवर गाव जमलं. पाटील म्हणाले, "पंधरा घरच्या पंधरा गायी एकदम वांझ झाल्या, असं होईल का?"

"छे," सगळे म्हणाले. "वळूतच काहीतरी आहे."

बघा, किती लवकर कळलं. एकानंही गायीला डोंगर चढायला लावलं नाही.

ठकूआजीला बोलावलं. गावातल्या गायी आणि बाया, दोघींची बाळंतपणं तीच करायची. आजीनं कवड्याचे डोळे बघितले नाहीत, शेपूट उचलली नाही. सरळ त्याच्या तोंडाला नाक लावलं आणि मागं सरली.

"याला कोण पाजतंय रं?"

म्हादबा एका पायावरून दुसऱ्या पायावर आला.

"चोथा बंद," आजी म्हणाली. "आज प्यालेलं उद्या उतरतं. पण पोटात जे बी तयार होत असतं, त्याला अडीच-तीन महिने लागतात. नासक्या पाण्यात भिजलेलं बी रुजत नाही, आणि रुजलंच तर त्या कालवडीसारखं लुळं निघतं. तीन पौर्णिमा याला थेंब दाखवू नका. मग बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक उठणार, एवढ्यात चावडीबाहेर बायकांत उभी असलेली कोंडाई पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला.

"आजी, माझे डोळे बघितलेत. जीभ बघितलीत, नाडी बघितलीत, पोट चाचपलंत. नऊ वर्षं झाली. ह्यांचं तोंड कुणी हुंगलं का?"

चावडीवरच्या पुरुषांनी श्वास घेणंसुद्धा थांबवलं. घेतला असता तर सोडावा लागला असता, आणि सोडला असता तर वास आला असता.

"मी काय बैल आहे?" म्हादबा पुटपुटला.

"नाहीस," आजी म्हणाली. "बैलाला दुसऱ्यानं पाजली. तुझा हात तुझाच आहे."

म्हादबाची आई तिथंच होती. घरी जाईपर्यंत ती दोनदा ठेचाळली.

त्या दिवसापासून कवड्याला भट्टीपासून लांब, नदीकाठच्या गोठ्यात बांधलं, आणि म्हादबाही तिथंच राहिला. कोंडाईला त्यानं एवढंच सांगितलं, "तीन पौर्णिमा. तेवढी वाट बघ. नाही जमलं, तर तू सांगशील ते करीन."

"मी काय सांगणार," ती म्हणाली. "चैत सांगेल."

ते दिवस काय गेले, विचारू नका. म्हादबाचे हात थरथरायचे. घाम फुटायचा. तो गोठ्याला फेऱ्या मारायचा, आणि कवड्या खुंट्याभोवती. एकानं डावीकडून सुरुवात केली की दुसरा उजवीकडून. नदीवर आलेल्या बाया म्हणायच्या, "जावई आणि जावयाचा रखवालदार, दोघांची प्रदक्षिणा चाललीय. देव कुठाय तेवढं दिसत नाही."

एका दुपारी म्हादबा उठला आणि भट्टीच्या वाटेला लागला. तेव्हा कवड्या बोलला. त्या काळी जनावरं बोलायची. माणसं ऐकायची नाहीत म्हणून पुढं त्यांनी सोडून दिलं.

"मला दाव्याला बांधलंय," कवड्या म्हणाला. "तुला कशानं बांधू?"

म्हादबा थांबला. परत फिरला. कवड्याचं दावं सोडून त्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि मटकन खाली बसला. मग एकाला पाणी प्यायला जायचं असलं तरी दोघांना जावं लागे.

चैत लागला, तिसरी पौर्णिमा चार दिवसांवर आली, आणि घरून आईचा निरोप आला. सोयरीक घेऊन पाव्हणे आलेत, ताबडतोब ये.

आता त्या गावची रीत ऐका. लग्न ठरायचं ते पेल्यावर. मुलीच्या बापानं एक घोट घ्यायचा, मग नवऱ्या मुलानं त्याच पेल्यातून घ्यायचा. दोन घोट पोटात गेले की सोयरीक पक्की. मग राजा आला तरी मोडत नाही.

म्हादबा घरी गेला. ओसरीवर पाव्हणे, मधे मोहाची घागर. आई दाराआड. कोंडाई अंगणात आपलं गाठोडं बांधत होती. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. म्हादबाची सवय तिला लागली होती.

मुलीच्या बापानं घोट घेतला, मिशा पुसल्या आणि पेला पुढं केला. "घ्या जावईबापू. मरदाचं पाणी."

वास नाकात शिरला. म्हादबाच्या जिभेला पाणी सुटलं. हात पुढं गेला आणि पेल्याला भिडला. घोट घ्यावा तर आई खूश, पाव्हणे खूश, घसाही खूश. त्यानं अंगणात बघितलं. कोंडाईनं गाठ मारायची थांबवली होती.

म्हादबानं पेला उचलला, आणि पाटावर पालथा घातला.

"हिच्यात खोट असेल-नसेल, ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण माझ्यात आहे, ते मला ठाऊक आहे. कवड्याचा दोष गावानं गायींच्या माथी मारला नाही. मी माझा नऊ वर्षं हिच्या माथी मारला."

पाव्हणे उसळले. "म्हातारे, पोराला आवर. हा अपमान आहे."

आई दाराआडून बाहेर आली. सरळ घागरीकडं गेली, ती उचलली आणि अंगणातल्या उकिरड्यावर रिकामी केली.

"याच्या आधी माझी तीन पोटातच गेली," ती म्हणाली. "याचा बाप रोज प्यायचा. माझ्या सासूनं मला पांढऱ्या पायाची म्हटलं, आणि मीही मानलं. मग मी हिला म्हटलं. पाव्हणं, ताक असतं तर दिलं असतं, पण गायी आटल्यात. पाणी प्या आणि सुखानं जा."

कोंडाईनं गाठोडं सोडलं. या वेळी पुन्हा बांधलं नाही.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. चौथ्या पौर्णिमेनंतर गायी एकेक करून गाभण राहू लागल्या, आणि वर्षाच्या आत गावभर वासरं उधळली. म्हादबाकडं मात्र उशीर झाला. लगेच फळ मिळतं असं सांगणारा वैदू भेटला तर त्याला माझ्याकडं पाठवा. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, म्हादबानं पेला पालथाच ठेवला. मग कोंडाईला मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज असा की कवड्या दचकून उभा राहिला.

पण ती लुळी कालवड लुळीच राहिली. तिचे पाय काही परत आले नाहीत. म्हादबा रोज तिला खांद्यावर घेऊन नदीवर पाणी पाजायला न्यायचा. ती वाढली, जड झाली, तरी न्यायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "अरे, किती दिवस उचलशील?"

"मी प्यालो, मी पाजली," म्हादबा म्हणाला. "त्याचा भार एकट्या तिनंच का उचलायचा?"

अजूनही त्या गावात नवरदेव मांडवात शिरताना आधी सासू पुढं होते, ओवाळायच्या आत त्याचं तोंड हुंगते. मागं बसलेल्या मंडळींनी आता पंचा काढायला हरकत नाही. काढवत नसेल, तर गोष्ट तुमच्यासाठीच होती.

तात्पर्य: पाळणा रिकामा राहिला तर बायकोची कूस तपासण्याआधी बापानं आपला पेला पालथा घालावा, कारण बाप जे पितो, ते लेकराला भोगावं लागतं.